बिनभाराचे आकडे

आमच्या घरचा संगणक आषाढातल्या एका शनिवारी बंद पडला. पण तोही अशा रीतीने, की तो बंद पडला असे निश्चयाने म्हणता येऊ नये. कळ दाबली की आतला पंखा अर्धा वळसा घेई, दर्शनी भागावरचा निळा दिवा क्षणभर लुकलुके, आणि पुन्हा सारे स्तब्ध. गाढ झोपलेल्या माणसाला हाक मारावी, त्याने 'हूं' म्हणावे आणि कूस पालटावी, तशातलाच हा प्रकार. मी दहा वेळा कळ दाबली. दहाही वेळा त्याने हुंकार दिला. साफ मेलेल्या यंत्राचे दुःख करून माणूस मोकळा होतो. हुंकार देणारे यंत्र मात्र त्याला स्वस्थ बसू देत नाही.

मारतहळ्ळीला येऊन आम्हांस आता तीन वर्षे होत आली. बदलीच्या हुकुमानंतर बिऱ्हाड शोधताना हे नाव मी प्रथम पाहिले ते 'मराठहळ्ळी' असे वाचले, आणि शहाजीराजांच्या बंगळूरच्या जहागिरीची आठवण होऊन उगाच छाती फुगवून घेतली. येथील लोक दुसरीच व्युत्पत्ती सांगतात. जवळच हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा जुना विमानतळ आहे. तेथे घडलेल्या 'मारुत' विमानावरून गावाला हे नाव पडले म्हणे. ते विमान प्रथम उडाले १९६१ साली. इतक्या अलीकडच्या विमानावरून एका खेड्याचे बारसे व्हावे हे माझ्या मनाला पटत नाही; परंतु आमच्या समोरच्या घरात राहणाऱ्या वृद्ध गृहस्थांपुढे ही शंका काढण्याची सोय नाही. त्यांच्या तारुण्याची वर्षे त्याच विमानाच्या विजेच्या जोडण्या तपासण्यात गेली आहेत. इमारतीतील सारी मुले त्यांना 'अज्ज' म्हणतात, मीही म्हणतो.

शनिवारी सायंकाळीच मी ती पेटी उचलून रस्त्यापलीकडच्या एका दुकानात नेली. आमचा तो रिंग रोड पायी ओलांडणे हेच मुळी एक साहस. त्यात छातीशी कवटाळलेला संगणक. दुकानातल्या तरुणाने झाकण न उघडताच निदान केले, "मदरबोर्ड गेला, सर. किती वर्षांचा?" मी वर्षे सांगितली. ती ऐकताच, सेवानिवृत्तीला दोन वर्षे उरलेल्या माणसाकडे तरुण अधिकारी ज्या सौजन्याने पाहतात, तेच सौजन्य त्याच्या मुद्रेवर उमटले. नवाच घ्यावा हे बरे. चाळीस हजारांत उत्तम येईल.

हिशेबतपासणीच्या खात्यात माझी उभी हयात गेली. कागद न पाहता मारलेला शेरा मान्य करणे आता या वयात जमावयाचे नाही, म्हणून पेटी परत घरी आणली. तसे पाहिले तर प्रकरण तेथेच मिटावयास हरकत नव्हती. आतल्या मजकुराची भीती नव्हती. ती तबकडी काढून दुसऱ्या यंत्राला जोडता येते, एवढे मला ठाऊक होते. आडकाठी होती ती वेगळी. हा संगणक विकत आणलेला नव्हता, घरी जोडलेला होता. २०१३ साली मी पुण्यास असताना माझा धाकटा भाऊ दिवाळीच्या सुट्टीत वाईहून आला. तो तेथे शाळेत विज्ञान शिकवतो. सुटे भाग खरेदी करून आणून, सरकारी निवासस्थानाच्या दिवाणखान्यात सतरंजी अंथरून, दोन दिवस त्याचे हे काम चालले होते. स्क्रू हातात देण्याच्या पदावर माझी नेमणूक होती. लहानपणी पतंग करताना मी चिकटवीत असे आणि तो खळीची वाटी धरून बसे. त्या दोन दिवसांत ते अधिकारपद उलटले, आणि त्याचे आम्हां दोघांनाही मोठे सुख वाटले. पुढे ती पेटी माझ्याबरोबर भोपाळला गेली, गुवाहाटीला गेली, बंगळूरला आली. दर बदलीला सौ. तिला जुन्या दुलईत गुंडाळीत असे.

तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी मी हे दुखणे धाकट्याला सांगितले. रविवारी सकाळी दहा वाजता वाईला फोन करावयाचा हा आमचा नेम. वडील गेल्यापासून आई त्याच्याकडे असते. एक तारखेला मी पैसे पाठवतो. रविवारी दहाला आईशी चार-पाच मिनिटे बोलतो. ती विचारते, "जेवलास का? पाऊस आहे का तिकडे?" मी विचारतो, "प्रकृती कशी आहे?" ती म्हणते, "बरी आहे रे." मग धाकटा फोन घेतो आणि म्हणतो, "सगळं ठीक आहे, दादा." अकरा वर्षे ही व्यवस्था सुरळीत चालू होती. परमुलखात नोकरी करणाऱ्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी ती आजही अशीच चालू असेल.

त्या दिवशी त्याने माझे सारे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मदरबोर्ड नसेल, दादा. आधी पॉवर सप्लाय तपास. कुठून तरी मल्टिमीटर पैदा कर आणि रात्री नऊनंतर फोन लाव. मी सांगतो तसं करत जा."

मल्टिमीटर अज्जांकडे निघाला. हे उपकरण हाती घेताना मला एक गोष्ट आठवून बरे वाटले, ती येथे सांगून टाकतो. व्होल्ट मोजावयाचे एक यंत्र, अँपिअरचे दुसरे, ओहमचे तिसरे, असे ओझे वागवण्याचा कंटाळा येऊन ही तिन्ही मापे एका पेटीत आणली ती डोनाल्ड मॅकाडी या ब्रिटिश पोस्टखात्यातील अभियंत्याने. ते यंत्र १९२३ मध्ये बाजारात आले. म्हणजे जगातील यच्चयावत वीजतंत्र्यांच्या खिशातले हे साधन एका कंटाळलेल्या सरकारी नोकराची देणगी आहे.

पॉवर सप्लाय म्हणजे संगणकाच्या मागल्या बाजूस असणारी, विटेएवढी पत्र्याची पेटी. भिंतीतून येणारी वीज २३० व्होल्टची, आणि सेकंदाला शंभर वेळा दिशा पालटणारी. ही वीज बंगळूरच्या रस्त्यांवर १९०५ सालापासून आहे. शिवनसमुद्रच्या धबधब्यावर ती उत्पन्न केली ती मुळात कोलारच्या सोन्याच्या खाणींसाठी, १९०२ मध्ये, आणि शहराची पाळी मागाहून आली. संगणकाच्या नाजूक अवयवांना ती सोसत नाही. त्यांना बारा, पाच आणि ३.३ व्होल्टची, एकाच दिशेने वाहणारी वीज लागते. म्हणून ही पेटी बाहेरची वीज प्रथम सरळ करते, मोठ्या कपॅसिटरांत साठवते, मग सेकंदाला हजारो वेळा तोडून जोडून एका लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून खाली उतरवते, आणि पुन्हा सरळ करून वाटून देते. इंटेल कंपनीने १९९५ मध्ये या पेट्यांचा नमुना ठरवून दिला. त्या नमुन्यात तारांचे रंगही नेमून दिलेले आहेत: पिवळी बारा व्होल्टची, तांबडी पाचाची, नारिंगी ३.३ची, काळी परतीची. पुष्कळ कारखानदार आजही हे रंग पाळतात. एकाच परिपत्रकाचे इतके निष्ठावंत आणि इतकी वर्षे पालन मी सरकारात पाहिलेले नाही.

रात्री नऊ वाजता जेवणाच्या मेजावर जुनी वर्तमानपत्रे पसरून मी फोन लावला आणि तो मोठ्या आवाजावर ठेवून दिला. धाकट्याची पहिली ताकीद अशी, की काही झाले तरी त्या पत्र्याच्या पेटीचे झाकण उघडावयाचे नाही. भिंतीतली पिन काढल्यावरही आतल्या कपॅसिटरांत तीनशे व्होल्टांहून अधिक दाब राहू शकतो, आणि तो माणसाला ठार करू शकतो. दुसरी, की संगणकाच्या साऱ्या अवयवांना गेलेल्या तारा प्रथम उपटून मोकळ्या करावयाच्या. ते झाले. आता चोवीस छिद्रांची एक जाड जोडणी हाती आली. त्यात एकच हिरवी तार असते, ती हुकुमाची. ती काळ्या तारेला टेकली की पेटीने समजावयाचे, साहेबांनी कळ दाबली.

"यू-पिन आहे का?" त्याने विचारले.

सरकारी अधिकाऱ्याच्या घरात दुसरे काही नसले तरी यू-पिन असते. फायलीबरोबर चुकून घरी आलेली अशी एक सापडली. ती सरळ करून, एक टोक हिरव्या छिद्रात आणि दुसरे शेजारच्या काळ्यात घालावयाचे होते. त्या तारेत पाचच व्होल्ट असतात, धक्का बसत नाही, हे त्याने दोनदा सांगितले. तरी माझा हात किंचित कापलाच. सौ. दाराशी उभी राहून म्हणाली, "अहो, पायात चपला तरी घाला." मी चपला घातल्या, भिंतीवरचे बटण दाबले, आणि पेटीचा पंखा गरगर फिरू लागला. काल दहा वेळा अर्ध्यावर थांबलेला पंखा! मला तर संगणकच दुरुस्त झाल्यासारखे वाटले.

"फिरतोय!" मी ओरडलो.

"पंखा फिरला म्हणजे काही सिद्ध होत नाही, दादा. मीटर लाव. वीस व्होल्टांच्या खुणेवर. काळी सळई काळ्या तारेत." आणि मग तो म्हणाला, "थांब हं जरा. आलोच."

फोन चालूच होता. त्यातून आईचा आवाज ऐकू आला. "दार लावलंस का रे?" "लावलं, आई." "मागचं?" "तेही लावलं." मग सतरंजीवर पावले घासल्याचा आवाज, पाण्याचे भांडे ठेवल्याचा आवाज. तो परत आला. "हां, काय आकडे आहेत?"

पिवळी तार १२.१ दाखवीत होती. तांबडी ५.०५. नारिंगी ३.३२. या पेट्यांना शेकडा पाच इतकी सूट असते. बारा व्होल्टांची तार ११.४ पासून १२.६ पर्यंत कोठेही असली तरी चालते, पाचाची ४.७५ पासून ५.२५ पर्यंत. सारे आकडे मर्यादेत. राखी रंगाची एक तार असते. पेटी स्वतःची तपासणी करून, माझे सर्व ठीक आहे असा निरोप तिच्यावरून मदरबोर्डला देते, आणि तो निरोप मिळाल्याखेरीज मदरबोर्ड कामाला हात लावीत नाही. तीही पाच व्होल्ट दाखवीत होती. म्हणजे पेटी निर्दोष. दुकानातला तरुण खरा ठरत होता, आणि मला मनातून त्याचा राग आला.

"दार लावलंस का?" फोनमधून पुन्हा आईचा आवाज. "लावलं, आई." "कोणाशी बोलतोयस?" "दादाशी." "कोण दादा?"

मी मीटरच्या सळया हातात धरून उभा होतो. धाकटा क्षणभर थांबला, आणि अगदी त्याच शांत आवाजात, जणू वर्गात पहिल्यांदाच तो धडा शिकवीत असावा, म्हणाला, "आपला बंगळूरचा दादा." "आलाय का तो?" "नाही, फोनवर आहे." "मग दार लाव."

तो फोनवर परतला तेव्हा मी काही बोललो नाही. त्यानेही काही सांगितले नाही. म्हणाला, "हे आकडे बिनभाराचे आहेत, दादा. त्याच्याकडे कोणी काही मागतच नाहीये. भार टाकल्याशिवाय कळणार नाही. बारा व्होल्टांचा एखादा बल्ब मिळेल का? मोटारीचा?"

अज्जांचे दार वाजवले. ते जागेच होते. मी खुणा आणि मोडके कन्नड यांच्या साहाय्याने सांगितलेले ऐकून ते हसले आणि म्हणाले, "लोड हाकि नोडि." भार घालून पाहा. मग त्यांनी आपल्या खणातून मोटारीच्या पुढल्या दिव्याचा एक जुना, बारा व्होल्ट पंचावन्न वॅटचा बल्ब काढून दिला, आणि तो घेऊन स्वतःच माझ्यामागे आले. येता येता, त्यांच्या लाडक्या विमानाची हकिकत पुन्हा एकवार सांगितली: कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याने 'मारुत'चा सांगाडा ध्वनीहून दुप्पट वेगाच्या हिशेबाने आखला, पण त्याला हवे होते ते इंजिन कधी मिळालेच नाही, जे मिळाले ते कमी ताकदीचे. "विमान फार चांगले होते," अज्ज म्हणाले. हे वाक्य ते नेहमी दोनदा म्हणतात.

बल्बला दोन तारा बांधून मी त्या पिवळ्या आणि काळ्या टोकांत घातल्या. पंचावन्न वॅटचा बल्ब बारा व्होल्टांवर साडेचार अँपिअरांहून थोडा अधिक प्रवाह ओढतो. संगणक पुरा चालू असता मागेल त्याहून हे मागणे पुष्कळ कमी. बटण दाबले. बल्ब लखकन पेटला, सौ.ने डोळ्यांवर हात धरला. मग हळूहळू त्या उजेडाला पिवळी झाक येऊ लागली. मीटरवर पिवळ्या तारेचा आकडा ११.८, ११.५, ११.१ असा पायऱ्या उतरत होता.

"आता तांबडी बघ," धाकटा म्हणाला.

तांबडी ५.३१ दाखवीत होती. मर्यादेच्या वर. मी चकित झालो; जिच्यावर भार नाही ती तार वर कशी चढते?

"जुन्या पेट्यांत तसंच होतं," तो म्हणाला. "दोन्ही तारांवर राखणदार एकच. बाराची खाली जायला लागली की तो एकूण जोर वाढवतो. त्यानं बाराची पुरती सावरत नाही, आणि पाचाची मात्र उगाच चढते."

एवढ्यात पेटीने टक् असा आवाज केला. बल्ब विझला, पंखा थांबला. अज्जांनी मान डोलावली. कपॅसिटर वाळले असावेत असे त्यांचे मत पडले. दहा-बारा वर्षांच्या उष्णतेने त्यांच्यातला द्रव आटतो, साठवण उणावते, आणि बिनकामाच्या वेळी ते कोणाच्या लक्षात येत नाही. मदरबोर्ड धडधाकट होता. काल कळ दाबल्यावर साऱ्या अवयवांनी एकदम वीज मागितली, आणि ते मागणे पेटीला पेलले नव्हते; हुंकार होता तो तेवढाच.

अज्ज बल्ब घेऊन गेले. सौ. वर्तमानपत्रे गोळा करू लागली. फोन अजून चालू होता आणि मला तो बंद करवेना.

"केव्हापासून?" मी विचारले.

"काय केव्हापासून?"

"आई."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दीड वर्ष झालं. सकाळी बरी असते, दादा. आंघोळ झाल्यावर, दहाच्या सुमाराला अगदी पहिल्यासारखी बोलते. रात्री जरा हे होतं."

रविवारी दहाची वेळ त्यानेच ठरवली होती. मला ती त्याच्या सोयीची वाटत असे.

सरकारी तपासणीत मी तरुण अधिकाऱ्यांना नेहमी बजावीत आलो, की पूर्वसूचना देऊन कोठारात जाऊ नका. त्या दिवशी सारा माल जागच्या जागी असतो. आणि दर रविवारी दहाला मी स्वतः पूर्वसूचना देऊन वाईच्या घराची तपासणी करीत होतो, आणि 'ठीक' असा शेरा मारीत होतो. गेल्या वर्षी माझी बढती झाली तेव्हा आत्याबाई सांगत होत्या, थोरल्याने घराण्याचे नाव काढले. नातलगांत माझा आकडा चढता आहे. तो का चढता आहे, हे मला त्या रात्री एका जुन्या पेटीच्या तांबड्या तारेने सांगितले. धाकट्याचा ११.१वर आला असेल तर तो कोणत्या मीटरवर पाहावा, हे मात्र त्या पेटीत नव्हते.

पुढच्या शनिवारी एस. पी. रोडवर जाऊन नवा पॉवर सप्लाय आणला. त्या गल्लीत एकेका फळीवर शे-दोनशे पेट्या रचलेल्या असतात, आणि दुकानदार पेटीला यू-पिन लावून पंखा फिरवून दाखवतात. मी बल्ब लावून पाहण्याचा आग्रह धरला. दुकानदाराने माझ्याकडे चमत्कारिक दृष्टीने पाहिले, पण लावू दिला. आकडा ११.९च्या खाली गेला नाही. घरी येऊन, धाकट्याला फोन न करता, तारा मीच जोडल्या. संगणक पहिल्या हाकेला उठला.

अर्जित रजेच्या अर्जात कारणाचा रकाना असतो. तेथे मी आजवर 'घरगुती काम' असे लिहीत आलो. यावेळीही तेच लिहिले, आणि तीस दिवस मागितले. धाकटा फोनवर म्हणाला, "इतके दिवस कशाला, दादा? इथं सगळं ठीक आहे." मी म्हणालो, "तुम्ही दोघं आठ दिवस कुठे तरी जाऊन या." तो हसला. गेल्या दहा वर्षांत तो आणि त्याची बायको एकत्र कोठे गेल्याचे मला आठवेना, आणि ते मला यापूर्वी कधी खटकलेही नव्हते.

श्रावणात वाईला पोहोचलो तेव्हा दुपार होती. कृष्णेला पाणी चढले होते. आईने मला लगेच ओळखले, दृष्ट काढली, वाळलास म्हणाली. सायंकाळी धाकट्याला मी सांगितले, आजपासून आईच्या खोलीत मी झोपणार; तू आत जा. तो नको नको म्हणत गेला.

नऊ वाजता आईने विचारले, "दार लावलंस का?" मी म्हणालो, "लावलं, आई." पाच मिनिटांनी तिने पुन्हा विचारले. मी उठलो, दाराची कडी तिला वाजवून दाखवली. तिने मागचे विचारले, तेही दाखवले. मग, "तू कोणाचा रे?" मी नाव सांगितले. "तो बंगळूरला असतो," ती म्हणाली, आणि पुन्हा दाराचे विचारले. धाकट्यासारखा आवाज ठेवण्याचा मी मनापासून प्रयत्न करीत होतो. तो चौदाव्या वेळेपर्यंत टिकला. पंधराव्या वेळी मी ओरडलो, "लावलंय म्हणून सांगितलं ना!" ती दचकली आणि पांघरूण तोंडापर्यंत ओढून भिंतीकडे वळली.

आतल्या खोलीचा दिवा लागला. धाकटा बाहेर आला, तिच्या पायांशी बसला, पाऊल हातात घेतले. माझ्याकडे पाहून हळूच म्हणाला, "तू झोप जा, दादा. प्रवासाचा दमला असशील."

घड्याळात तेव्हा अजून अकराही वाजले नव्हते.